ट्युनिशिया : साक्षी झाल्या, समन्स मात्र पोचलंच नाही

सागरगोटा

मागे बांगलादेशवरच्या एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं, "क्रांती झाली, आता जुन्यांचा हिशेब आपोआप होईल." त्या 'आपोआप'पाशी मी अडलो. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

२०१४ ते २०१७ मी ट्युनिशियात होतो. आपल्याकडे खतासाठी लागणारं फॉस्फोरिक आम्ल तिथूनही येतं, त्याच धंद्यातली नोकरी. राहायला स्फाक्स शहरात, एका विधवा बाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर. त्यांना मी 'खालती' म्हणायचो, म्हणजे मावशी.

१७ नोव्हेंबर २०१६, गुरुवार. खालतींनी रात्री जेवायला खाली बोलावलं होतं. नोव्हेंबर म्हणजे तिकडे ऑलिव्हचा हंगाम. त्या परातीत हिरवी ऑलिव्हं घेऊन एकेकाला सुरीनं चीर पाडत बसल्या होत्या, मिठाच्या पाण्यात मुरवायला. टीव्हीवर 'सत्य आणि प्रतिष्ठा आयोगा'ची पहिली जाहीर सुनावणी सुरू झाली. सरकारी वाहिनीवर, थेट. जागा होती राजधानीजवळच्या सिदी धरीफची, हुकूमशहा बेन अलींच्या पत्नी लैला त्राबेल्सी यांचा एके काळचा क्लब.

आधी २०११ च्या क्रांतीत गोळ्या लागून गेलेल्या पोरांच्या आया बोलल्या. मग गाबेस शहरातल्या कमाल मतमातींच्या घरच्या बायका. कमाल यांना ऑक्टोबर १९९१ मध्ये कामाच्या ठिकाणावरून पोलिसांनी उचललं आणि कोठडीतल्या छळात ते गेले. घरच्यांना कुणी सांगितलंच नाही. बायको आणि आई वर्षानुवर्षं कपडे आणि जेवण घेऊन या ठाण्यातून त्या तुरुंगात फिरत राहिल्या. वर मेलेल्या माणसावर खटला चालवून त्याला शिक्षासुद्धा ठोठावली होती.

कपड्यांचा उल्लेख आला तशी खालतींची सुरी थांबली. त्यांचा धाकटा भाऊ नव्वदच्या दशकात सहा वर्षं आत होता. "आम्हीपण कुफ्फा न्यायचो," एवढंच त्या म्हणाल्या. कुफ्फा म्हणजे विणलेली टोपली, कैद्याला घरचं जेवण नेतात ती. शिपाई कधी ती आत घ्यायचे, कधी दारातच उपडी करायचे. भाऊ सुटला तो नावापुरता. पुढची पाच वर्षं रोज दोनदा ठाण्यात जाऊन सही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. अशा माणसाला कामावर ठेवणार कोण? त्याचं लग्न झालं नाही ते त्या सहीपायी, असं खालती आजही म्हणतात.

त्या रात्री मला खरंच वाटलं होतं की हा देश करून दाखवणार. कायदा होता, आयोग होता, साक्षी घराघरांत पोचत होत्या. पुढे २९ मे २०१८ ला गाबेसच्या कोर्टात याच मतमाती प्रकरणाचा खटला उभा राहिला, विशेष न्यायपीठांपुढचा पहिला खटला. कोर्ट माणसांनी भरलेलं. आरोपी एकही हजर नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे : ट्युनिशियात लोकांनी माफ केलं नव्हतं आणि कायदाही कच्चा नव्हता. गाडं अडलं ते समन्सवर. समन्स बजावायचं काम ज्या पोलिसांकडे, त्यांचेच जुने साहेब आरोपी. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, ते मी तिथे पाहिलं.

---

रुईफूल

सागरगोटा, फार मनापासून लिहिलंय. मला बुआझिझीपर्यंतच माहीत होतं. हातगाडीवर फळं विकणारा, माल जप्त झाला म्हणून १७ डिसेंबर २०१० ला स्वतःला पेटवून घेतलं, आणि १४ जानेवारी २०११ ला बेन अली सौदीला पळाले. पुढचं काहीच वाचनात नाही. हा आयोग नेमका काय होता? आपल्याकडे चौकशी आयोग म्हटलं की अहवाल येतो आणि कपाटात जातो, तसाच की वेगळा?

---

सागरगोटा

रुईफूल, कागदावर तरी बराच वेगळा. डिसेंबर २०१३ मध्ये खास कायदा झाला आणि २०१४ च्या मध्यावर आयोग बसला. अध्यक्ष सिहेम बेनसेद्रीन, बेन अलींच्या काळात स्वतः तुरुंगात गेलेल्या पत्रकार. काळ धरला होता जुलै १९५५ ते डिसेंबर २०१३. म्हणजे बेन अलींच्या आधीची बुर्गिबांची राजवटही आली आणि क्रांतीनंतरची पहिली दोन-तीन वर्षंही. तक्रारी आल्या ६२ हजारांवर. बंद खोलीत ऐकलेल्या साक्षी ४९ हजारांच्या घरात. सव्वा कोटीपेक्षा कमी वस्तीच्या देशात!

दुसरा फरक मोठा. गंभीर प्रकरणं आयोगानं थेट कोर्टात पाठवायची आणि त्यासाठी वेगवेगळ्या शहरांत १३ विशेष न्यायपीठं. मुदत संपली, तेव्हा हा कायदाच नव्हता, एकदा निकाल लागून गेलाय, असल्या सबबी चालणार नाहीत हेही कायद्यातच लिहिलेलं. आयोगानं दोनशेच्या आसपास प्रकरणं पाठवली.

असं का करावं लागलं तेही सांगतो. क्रांतीतल्या गोळीबाराचे खटले आधी लष्करी कोर्टात चालले, कारण पोलिसांवरचे खटले तिकडेच जायचे. एप्रिल २०१४ मध्ये लष्करी अपील कोर्टानं बड्या अधिकाऱ्यांच्या लांबलचक शिक्षा तीन वर्षांवर आणल्या आणि ते बाहेरसुद्धा आले. शहिदांच्या घरच्यांचा त्या दिवशीचा आक्रोश मी टीव्हीवर पाहिलाय. २०१२ च्या चौकशी समितीनं मृतांचा आकडा ३३८ सांगितला होता. सरकारी राजपत्रात शहिदांची यादी छापून यायला २०२१ चा मार्च उजाडला, आणि तिच्यात नावं १२९. यादीत पोराचं नाव यावं म्हणून आया उपोषणाला बसल्या होत्या.

---

दगडफूल

लेख चांगला आहे, पण मी वेगळं मत मांडतो. कृपया कुणी राग मानू नये.

शेजारी लिबिया पाहा. मे २०१३ मध्ये तिथे कायदा केला की गद्दाफींच्या काळात पदावर असलेल्या कुणीही आता पदावर राहायचं नाही. वर्षभरात देश दोन सरकारांत फाटला. इराकमध्ये २००३ ला बाथ पक्षाची माणसं सरसकट काढली, सैन्य मोडलं, आणि तीच माणसं बंदुका घेऊन परत आली. ट्युनिशियात यातलं काही झालं नाही, कारण जुन्यांना त्यांनी भिंतीला टेकवलं नाही. २०१४ नंतर जुन्या राजवटीतले एसेब्सी आणि इस्लामवादी पक्षाचे घन्नुशी हे कालचे वैरी एकत्र बसले. संवाद घडवणाऱ्या चार संघटनांना २०१५ चं शांततेचं नोबेल मिळालं ते उगाच नाही. साठ वर्षांच्या खपल्या काढत बसण्यापेक्षा देश शाबूत राहिला हे कमी आहे का? त्यात २०१५ मध्ये बार्दो संग्रहालय आणि सूस इथे दहशतवादी हल्ले झालेले. तेव्हा पोलिसांना दुखवणं कुठल्या सरकारला परवडलं असतं?

---

अबोली

दगडफूल, राग कशाला? पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका दावणीला बांधताय. लिबिया-इराकमध्ये जे झालं ते सरसकट काढून टाकणं. अमक्या पदावर होतास, चल नीघ. त्यानं काय केलं हे कुणी विचारलंच नाही. ट्युनिशियाचा कायदा नेमका उलटा आहे. अमुक दिवशी, अमुक कोठडीत, अमुक माणसाला तू काय केलंस, याचं उत्तर दे. मी वीस वर्षं फौजदारी वकिली करते. कोठडीतल्या मृत्यूचं एखादं प्रकरण चालवलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

फैसल बराकत यांचं उदाहरण घ्या. विद्यार्थी. ८ ऑक्टोबर १९९१ ला नाबूलच्या पोलीस ठाण्यात छळ होऊन मृत्यू. सरकारनं सांगितलं, रस्त्यावर अपघात झाला. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीनं १९९९ मध्ये ट्युनिशियाला सुनावलं की तुम्ही नीट चौकशीच केली नाहीत. तरी थडगं उघडलं गेलं ते मार्च २०१३ मध्ये, क्रांती झाल्यावर, परदेशी न्यायवैद्यक तज्ज्ञाच्या समोर. मधली एकवीस वर्षं घरच्यांनी 'अपघात' हा शब्द ऐकून घेतला. तो शब्द खोडून मिळावा ही मागणी म्हणजे खपल्या काढणं नव्हे हो. जखम अजून उघडीच आहे.

आता कोर्ट कसं अडतं ते सांगते, कारण सागरगोटा यांनी अगदी नसेवर बोट ठेवलंय. या न्यायपीठांवर बसायला न्यायाधीशांना वेगळं प्रशिक्षण लागायचं. ट्युनिशियात दरवर्षी न्यायाधीशांच्या बदल्या होतात. एक गेला की पीठ अपुरं. अपुरं की तहकूब. नवा येतो, त्याचं प्रशिक्षण व्हायचं असतं, पुन्हा तहकूब. तोवर म्हातारा साक्षीदार वारतो. आरोपीला आणायचं वॉरंट निघतं, ते जातं गृहखात्याकडे, आणि पत्त्यावर माणूस सापडत नाही. तोच माणूस निवृत्तिवेतन मात्र त्याच पत्त्यावर घेत असतो! पोलीस संघटनांनी तर उघड सांगितलं की आमच्या माणसांनी या कोर्टांपुढे जाऊ नये. २०१८ मध्ये खटले सुरू होऊन पाच वर्षं उलटली तरी एकाही प्रकरणात निकाल नव्हता.

आणि पोलिसांना दुखवू नये म्हणता, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये बेन अरूसच्या कोर्टात काय झालं ते पाहा. छळाच्या आरोपातले पोलीस न्यायाधीशापुढे उभे होते आणि बाहेर त्यांच्या सहकाऱ्यांनी गणवेशात, हत्यारांसह कोर्टाला वेढा घातला. आरोपी त्याच रात्री सुटले.

---

काळीमाती

मी परभणीचा. माझा प्रश्न वेगळा आहे. छळ झालेल्यांना न्याय हवाच. पण ज्या भागातून क्रांती उठली, सिदी बूझिद वगैरे, तिथल्या बेकार पोरांना या आयोगानं काय दिलं? पोटाचा प्रश्न मानवी हक्कात बसतो की नाही?

---

ओवी

काळीमाती, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला या सगळ्या कायद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम वाटतं. (मी फ्रान्समध्ये असते, उत्तर आफ्रिकेतल्या संघटनांबरोबर भाषांतराचं काम करते.)

त्या कायद्यात 'पीडित' कोण याची व्याख्या करताना माणसांबरोबर प्रदेशही घेतलाय. पद्धतशीर डावलला गेलेला किंवा वगळला गेलेला प्रदेशही पीडित ठरू शकतो. जून २०१५ मध्ये कासरीन या पश्चिमेकडच्या डोंगराळ प्रांताच्या नावानं तक्रार दाखल झाली. दवाखाने, रस्ते, पिण्याचं पाणी, शिक्षण, बेकारी सगळ्यांचे आकडे मांडून : आम्ही मागास नाही, आम्हाला मागास ठेवलं, आणि ठेवणाऱ्यांचा हिशेब घ्या. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, अनुशेष. फक्त तिथे तो अर्थसंकल्पाच्या तक्त्यातून उचलून मानवी हक्कांच्या फिर्यादीत नेला. मी ते कागद भाषांतरासाठी हाताळले तेव्हा मला आधी फ्रेंच शब्द नाही, 'अनुशेष'च सुचला होता.

आणि सागरगोटा ज्या धंद्यात होते त्याचा संबंध इथेच येतो. गफ्साच्या खाणींतून फॉस्फेट निघतं, देशाला परकीय चलन मिळतं, आणि खाणीच्या गावांना धूळ. जानेवारी २००८ मध्ये तिथल्या फॉस्फेट कंपनीच्या नोकरभरतीचा निकाल लागला, त्यात वशिलेबाजी झाली म्हणून रदैयेफ गावात लोक रस्त्यावर आले. सहा महिने आंदोलन चाललं. जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला, अदनान हाजी आणि इतर कामगार पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं. क्रांतीच्या अडीच वर्षं आधीची ही गोष्ट. बुआझिझीच्या आगीला सरपण आधीच रचलेलं होतं.

---

सागरगोटा

ओवी, धन्यवाद. रदैयेफला मी एकदाच गेलो, २०१६ मध्ये. आमच्याकडे येणारा खडक कुठून येतो ते बघायला म्हणून. खडक धुऊन उरलेला करडा चिखल ओढ्यात सोडलेला आणि गावात नळाला पाणी आठवड्यातून काही दिवस. सोबतचा ट्रकचालक हसला की त्याचे दात दिसायचे, पिवळट तपकिरी डाग पडलेले. पाण्यातल्या फ्लोराइडमुळे असं होतं हे मला माहीत होतं, रसायनशास्त्रच शिकलोय ना. त्या आम्लाच्या टनावर माझा पगार निघायचा. तिथून आल्यावर काही दिवस मला झोप नीट लागली नाही.

---

दगडफूल

अबोली, बेन अरूसचं मला माहीत नव्हतं. सरसकट काढणं आणि खटला चालवणं यातला फरक मान्य. पण एक शंका राहतेच. १९५५ पासून सुरुवात करणं ही चूक नव्हती का? एसेब्सी स्वतः साठच्या दशकात बुर्गिबांचे गृहमंत्री होते. तेच २०१४ ला निवडून राष्ट्राध्यक्ष झाले. ज्याच्या स्वतःच्या काळाची चौकशी होणार, तो राष्ट्राध्यक्ष आयोगाला मदत कशी करेल? फक्त बेन अलींची २३ वर्षं घेतली असती तर निदान एवढं तरी तडीस गेलं असतं.

---

ओवी

ही शंका तिथल्या लोकांनीही घेतली आहे आणि मला ती रास्त वाटते. एसेब्सी निवडून आले आणि त्याच आठवड्यात, २६ डिसेंबर २०१४ ला, आयोगाचे ट्रक कार्थेजच्या राजवाड्यावर राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातली जुनी दप्तरं न्यायला गेले. कायद्यानं तो हक्क होता. अध्यक्षीय सुरक्षारक्षकांनी फाटकातच अडवलं. ट्रक रिकामे परत. नव्या राष्ट्राध्यक्षांची शपथ अजून व्हायची होती.

पण १९८७ पासून धरलं असतं तर त्या पहिल्या रात्री जिल्बेर नक्काश बोलू शकले नसते. ट्युनिशियातले ज्यू, डावे, बुर्गिबांच्या तुरुंगात दहा-अकरा वर्षं काढलेले, तिथे सिगारेटच्या पाकिटांच्या कागदावर लिहिणारे. त्याच व्यासपीठावर इस्लामवादी म्हणून छळ सोसलेले सामी ब्राहम बोलले. डावा आणि इस्लामवादी एकाच रात्री एकाच खुर्चीत बसून तीच कोठडी सांगतायत, हे देशानं पहिल्यांदा पाहिलं. माझ्या मते त्या आयोगाचं ते सगळ्यात मोठं काम. तेवढ्यासाठी १९५५ हवं होतं.

आयोगातही भांडणं झाली, सदस्य बाहेर पडले, बेनसेद्रीनबाईंचा स्वभाव हट्टी असल्याच्या तक्रारी होत्या, तेही खरं. पण मार्च २०१८ मध्ये संसदेनं आयोगाला मुदतवाढ नाकारली, ती स्वभावामुळे नव्हे. त्याआधी सप्टेंबर २०१७ मध्येच भ्रष्टाचाराला हातभार लावलेल्या जुन्या सरकारी अधिकाऱ्यांना माफी देणारा कायदा मंजूर झाला होता. त्याविरुद्ध तरुण पोरं 'मानिश मसामेह' लिहिलेले टी-शर्ट घालून रस्त्यावर होती. अर्थ : मी माफ करणार नाही.

---

वाटसरू

नुसतं वाचत होतो, आता राहवत नाही. पाच-सात वर्षांत निकाल नाही म्हणून संपलं असं धरू नका. अर्जेंटिनात १९८५ मध्ये लष्करशहांना शिक्षा झाल्या. मग १९८६ मध्ये खटले थांबवणारा एक कायदा आला, सैन्यातून बंड झाल्यावर १९८७ मध्ये दुसरा आला, पुढे राष्ट्राध्यक्षांनी शिक्षा झालेल्यांनाही माफी दिली. सगळं मिटलं असंच वाटलं होतं. बेपत्ता केलेल्या पोरांच्या आया मात्र राजधानीतल्या प्लाझा दे मायो चौकात दर गुरुवारी पांढरे रुमाल डोक्याला बांधून फेऱ्या घालत राहिल्या. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते दोन्ही कायदे रद्द केले आणि खटले पुन्हा उभे राहिले. त्या लष्करशहांतला व्हिदेला २०१३ मध्ये तुरुंगातच मेला. साक्षी नोंदवून ठेवलेल्या होत्या म्हणून हे जमलं.

---

अबोली

वाटसरू, खरंय. पण अर्जेंटिनात शेवटी निकाल द्यायला न्यायाधीश शिल्लक होते. ट्युनिशियात राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी २५ जुलै २०२१ ला संसद गोठवली, फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायमंडळ बरखास्त केलं, आणि त्याच वर्षी १ जूनला एका फटक्यात ५७ न्यायाधीश घरी पाठवले. त्यातल्या बहुतेकांना परत घ्या असं प्रशासकीय कोर्टानं सांगितलं, तेही ऐकलं नाही. मला भीती याची वाटते. जुन्या पोलिसांचा हिशेब राहिला, तीच यंत्रणा जशीच्या तशी नव्या माणसाच्या हाताशी आली.

---

ओवी

हो. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये स्वतः बेनसेद्रीन यांनाच अटक झाली. आरोप काय, तर आयोगाच्या अंतिम अहवालात फेरफार केला. ७३ वर्षांच्या बाई. जानेवारीत त्यांनी अन्नत्याग केला, फेब्रुवारी २०२५ मध्ये सुटका झाली, पण तेव्हा प्रकरण मिटलं नव्हतं. एप्रिल २०२५ मध्ये कटाच्या आरोपावरून विरोधी नेते, वकील, कार्यकर्ते यांना लांबलचक शिक्षा लागल्या, एकाला तर ६६ वर्षांची. ६६ वर्षं! आयोगाच्या दोनशे प्रकरणांत निकाल लागेना, आणि हा खटला दीड-दोन महिन्यांत, मोजक्या सुनावण्यांत उरकला. कोर्टाला वेळ नसतो असं मी आता कधी म्हणणार नाही.

---

रुईफूल

वाचून सुन्न झाले. सागरगोटा, त्या खालतींचा भाऊ कसा आहे? त्यानं तक्रार दिली होती का?

---

सागरगोटा

दिली होती. शेवटच्या मुदतीच्या आठवड्यात, जून २०१६ मध्ये. द्यायला तयार नव्हता, म्हणे पुन्हा ठाण्यासारख्या खोलीत बसून सही करायची नाही. खालती त्याला हाताला धरून घेऊन गेल्या. पावती मिळाली, तिच्यावर नंबर. ती पावती खालतींनी दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून साखरेच्या डब्यामागे ठेवली होती, मला दाखवली होती. भरपाईसाठी 'प्रतिष्ठा निधी' स्थापन झाला, त्यातून त्यांना आजवर एक दिनारही आलेला नाही.

गेल्या ईदला फोन केला होता. भावाला आता मधुमेह आहे, एका डोळ्यानं कमी दिसतं. खालती थकल्यात. ऑलिव्हं यंदा कमी घातली म्हणाल्या, चिरायला बोटं चालत नाहीत. पावतीचं मी विचारलं नाही, त्यांनीच काढलं. घराला रंग दिला तेव्हा स्वयंपाकघर रिकामं केलं होतं, तर आधी ती पिशवी काढून भावाच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि रंग वाळल्यावर परत डब्यामागे.